कुत्र्याच्या कातडीतला पू: बरा होतो, मग परत का येतो?

पोटावर, काखेत, जांघेत लाल पुटकुळ्या येतात. टोकाला पिवळट पू दिसतो. त्या लगेच फुटतात, खपली धरते, खपलीबरोबर केसांचा झुपका निघून येतो आणि खाली गोल उघडी जागा राहते. मलम लावलं, गोळ्या दिल्या, बरं झालं. महिना-दीड महिन्यानं तेच पुन्हा. नाशिकमध्ये पावसाळा लागल्यापासून ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत हे चक्र कितीतरी घरांत चालू असतं. सिडकोतल्या फ्लॅटमधला पग असो की दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या राखणीला ठेवलेला गावठी कुत्रा, दोघांनाही ते चुकत नाही.

या आजाराचं नाव पायोडर्मा, म्हणजे कातडीतला जंतुसंसर्ग. तो बरा करणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते तो परत येऊ न देणं, आणि तिथेच बहुतेक उपचार अर्धवट सुटतात. कारण पू हा जवळजवळ नेहमी दुसरा आजार असतो. पहिला आजार त्याच्या आड लपलेला असतो.

जंतू बाहेरून येत नाही

‘कुठून लागलं असेल हो? शेजारच्या कुत्र्याशी खेळतो म्हणून का?’ हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. बहुतेक वेळा कुठूनही लागलेलं नसतं. हा संसर्ग करणारा मुख्य जंतू स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमेडियस. धडधाकट कुत्र्याच्याही नाकात, तोंडात, गुदद्वाराभोवती आणि कातडीवर तो राहतोच. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच काळात आईकडून तो त्याच्या अंगावर येतो आणि आयुष्यभर मुक्काम करतो. 2005 साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. त्याआधीच्या कागदपत्रांत त्याला स्टॅफिलोकॉकस इंटरमेडियस म्हटलेलं दिसेल.

मग माणसाला इतक्या सहज न होणारा हा त्रास कुत्र्याला का होतो? कुत्र्याची कातडी केसांमुळे जाड वाटते, पण तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. त्यात जिवंत पेशींचे थर साधारण 3 ते 5, आपल्याकडे 10 ते 15. आपल्या कातडीचा पीएच 5.5च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी, आणि तो जंतूंना फार मानवत नाही. कुत्र्याचा 7च्या वर जातो. शिवाय आपल्या केसांच्या मुळाशी तेलकट द्रवाचं जे बूच असतं, ते कुत्र्याच्या केसाच्या तोंडाशी नीटसं नसतं. जंतूला आत उतरायला वाट मोकळी. तरीही निरोगी कातडी त्याला आवरून धरते. पिसू चावली, ॲलर्जीनं खाज सुटली, कुत्र्यानं चाटून-चावून कातडी ओली ठेवली, शरीरातलं एखादं हार्मोन घसरलं, की हा आवर सुटतो आणि तोच घरचा जंतू पू करायला लागतो.

किती खोल गेलंय, यावर सगळं ठरतं

एक पुटकुळी जवळून बघा. उजेडात पोटावरचे केस उलटे फिरवले की मोहरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान फुगी दिसते आणि तिच्या मधोमध बऱ्याचदा एक केस उभा असतो. म्हणजे पू केसाच्या मुळाच्या पिशवीत आहे. कुत्र्याची कातडी पातळ असल्यानं ही पुटकुळी काही तासांत फुटते, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेकदा नुसती पिवळी खपली उरलेली असते. खपली गळाली की मागे लाल गोल राहतो आणि त्याच्या कडेला पातळ पापुद्र्याची झालर दिसते. हा गोल कडेनं पसरत जातो आणि मधला भाग काळपट पडत बरा होतो. लॅब्राडोर, डॉबरमन अशा आखूड केसांच्या कुत्र्यांत पाठीवरचे केस कसर लागलेल्या लोकरीसारखे ठिकठिकाणी विरळ झालेले दिसतात. अनेकांना वाटतं केस गळताहेत, पण बोट फिरवलं की खाली बारीक खपल्या लागतात.

पापुद्र्याची झालर असलेला हा गोल लोक हमखास गजकर्ण समजतात. मेडिकलमधून बुरशीचं मलम येतं. त्या मिश्र मलमांत बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, कुत्रा ते चाटून पोटात घेतो, आणि कातडी आणखी पातळ होते. खरं गजकर्ण कुत्र्यांना होतं, पिल्लांना जास्त होतं, पण मोठ्या कुत्र्याच्या अंगावर असे अनेक गोल एकदम उठले असतील तर जंतुसंसर्गाची शक्यता कितीतरी जास्त.

हा झाला वरवरचा संसर्ग, केसाच्या पिशवीपुरता. याहूनही उथळ प्रकार असतो. पगच्या नाकावरची घडी, बुलडॉगच्या शेपटीखालची खाच, लठ्ठ कुत्रीच्या योनीभोवतीची घडी इथे ओल आणि घर्षणानं कातडी लाल, चिकट आणि दुर्गंधी होते. गालावर किंवा ढुंगणावर एका रात्रीत उठणारा ओला, लालभडक, केस चिकटलेला चट्टा, ज्याला सगळे हॉट स्पॉट म्हणतात, तोही उथळच. दिसायला तो सगळ्यात भयंकर, पण भरायला सगळ्यात सोपा. त्या जागेचे केस कडेच्या चांगल्या कातडीपर्यंत मशिननं काढायचे, क्लोरहेक्सिडीननं स्वच्छ करायचं, कोरडं ठेवायचं आणि गळ्यात कोन घालून चाटणं बंद करायचं, की तो झपाट्यानं सुकायला लागतो. मात्र तो फार दुखतो, अगदी शांत कुत्राही केस काढताना चावू शकतो, म्हणून हे काम दवाखान्यातच. तिथे डॉक्टर खाज थांबवायला थोड्या दिवसांचं स्टेरॉइड देतील तर ते योग्य आहे, कारण हॉट स्पॉट मुळात कुत्र्यानं स्वतः खाजवून-चावून केलेला असतो. गालावरचा चट्टा असेल तर कान तपासून घ्या, ढुंगणावरचा असेल तर पिसवा आणि गुदग्रंथी.

तिसरा प्रकार खोल. केसाची पिशवी आतल्या आत फुटते आणि तुटलेला केस, त्याचं केराटिन कातडीच्या खालच्या थरात सांडतं. शरीर त्याला परकी वस्तू समजून झुंजत राहतं, त्यामुळे जंतू मेल्यावरही सूज उतरत नाही. गाठी येतात, त्यांना तोंडं पडतात, रक्ताळलेला पू वाहतो, कुत्रा हात लावू देत नाही. बोटांच्या मधे, हनुवटीवर, आणि टाइल्सवर लोळणाऱ्या भारी कुत्र्यांच्या कोपरांच्या घट्ट्यांत हे जास्त दिसतं. जर्मन शेफर्डमध्ये पाठ आणि मांड्यांवर पसरणारा एक चिवट प्रकार आहे. खोल संसर्गाला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने, आणि इथे अंदाजानं औषध देण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात एक स्लाईड तरी व्हायला हवी

नुसतं बघून पू, बुरशी, यीस्ट आणि किडे यांत फरक करता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही नेहमी येत नाही. पण फरक करणारी तपासणी अगदी साधी आहे. फुटलेल्या पुटकुळीवर किंवा खपलीखालच्या ओल्या जागेवर काचेची पट्टी दाबायची, कोरड्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून उचलायची, तीन पायऱ्यांचा झटपट रंग द्यायचा आणि हजारपट मोठं करून बघायचं. सगळं मिळून 10-15 मिनिटं. जंतू गडद निळे-जांभळे ठिपके म्हणून दिसतात, जोडीनं किंवा चारचारच्या गटात. पांढऱ्या पेशींच्या पोटात ते ठिपके सापडले की संसर्ग खरा. मधे बारीक कमरेच्या, शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या तर ते मॅलासेझिया यीस्ट, आणि त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. तेलकट, खवट वासाची कातडी आणि काखेत हत्तीसारखी जाड झालेली घडी असेल तर यीस्ट आधी शोधावं. दोघं एकत्र असणंही नेहमीचंच.

लांबट, काडीसारखे जंतू दिसले तर डॉक्टरांनी थांबून कल्चर करावं (लॅबमध्ये जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला मरतो ते बघणं), कारण ते बहुधा स्टॅफिलोकॉकस नसतात आणि नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाहीत.

दुसरी तपासणी म्हणजे स्क्रेपिंग. बोथट ब्लेडनं कातडी किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडून, आधी चिमटीत दाबून, तेलाच्या थेंबात बघतात. डेमोडेक्स नावाचा किडा केसाच्या पिशवीतच राहतो आणि त्याच्यामुळे झालेला पू हुबेहूब साध्या संसर्गासारखा दिसतो. वर्षाच्या आतलं पिल्लू, तोंडावर आणि पुढच्या पायांवर केस गेलेले, वर पू: अशा पिल्लाला स्क्रेपिंगशिवाय स्टेरॉइड दिलं तर डेमोडेक्स अंगभर पसरतो. रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये हे फार दिसतं.

तुमच्या डॉक्टरांनी स्लाईड केली नाही तर आपणहून विचारा: ‘सर, एकदा स्लाईड बघता का?’ यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरला असा मालक आवडतो.

पहिलं औषध: आंघोळ, पण घड्याळ लावून

उथळ आणि वरवरच्या संसर्गाला आता जगभरातल्या मार्गदर्शक सूचना आधी बाहेरून उपचार करायला सांगतात, गोळ्या नंतर. कारण सरळ आहे. जंतू वरच बसलेला आहे, आणि शांपूतल्या औषधाचं त्याच्या अंगावरचं प्रमाण गोळीतून रक्तात पोचणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असतं. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही क्लोरहेक्सिडीनला सहसा बळी पडतात.

कुत्र्यांसाठीचा 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडीनचा शांपू घ्या. यीस्टही असेल तर 2 टक्के क्लोरहेक्सिडीन आणि 2 टक्के मायकोनॅझोल एकत्र असलेला. आधी कोमट पाण्यानं कुत्रा कातडीपर्यंत भिजवा. दाट केसांच्या कुत्र्यात वरचे केस भिजतात आणि खालची कातडी कोरडीच राहते, म्हणून बोटं आत घालून खात्री करा. पामेरियन किंवा शिह त्झूच्या अंगावर गाठी असतील तर केस आखूड कापून घेतलेले बरे, नाहीतर शांपू वाया जातो. सगळ्यात खराब जागेपासून सुरुवात करा, म्हणजे तिथे औषध जास्त वेळ राहतं. फेस सगळीकडे पोचला की घड्याळ लावा: 10 मिनिटं. शांपू फसतो तो इथेच. लावला आणि लगेच धुतला तर त्या आंघोळीचा उपयोग फक्त वासापुरता. दहा मिनिटं कुत्र्याला बाथरूमच्या बाहेर अंगणात फिरवा, हलक्या हातानं चोळत राहा, चाटू देऊ नका. मग भरपूर पाण्यानं धुवा, कारण उरलेला शांपू स्वतःच खाज आणतो. टॉवेल घासू नका, दाबून टिपा. ड्रायर लावायचा तर थंड हवेचा. काख, जांघ, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ शेवटी पुन्हा टिपा.

सुरुवातीला आठवड्यातून दोन ते तीन वेळा अशी आंघोळ. अंगावरचं सगळं बसल्यावरही आणखी आठवडाभर चालू ठेवा. पावसात इतक्या वेळा कुत्रा वाळवणं जमत नसेल तर क्लोरहेक्सिडीनचा स्प्रे, फेस किंवा वाइप्स मिळतात, मधल्या दिवशी ते वापरता येतात.

दोन गोष्टी सांभाळा. क्लोरहेक्सिडीन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते आणि पडदा फाटलेल्या कानात गेलं तर ऐकू येणं जाऊ शकतं. तोंडाभोवती कापडानं लावा, कानात ओतू नका. आणि साध्या साबणाच्या फेसात ते निकामी होतं, तेव्हा आधी साबण लावायची सवय असेल तर तो पूर्ण धुऊन मगच औषधी शांपू. मेडिकलमध्ये 20 टक्क्यांचं तीव्र द्रावण मिळतं, ते स्वस्त पडतं म्हणून घरी अंदाजानं मिसळू नका. कातडी भाजते.

क्लोरहेक्सिडीन चालत नसेल किंवा कातडी फार तेलकट असेल तर बेंझॉइल पेरॉक्साइडचा 2.5 ते 3 टक्क्यांचा शांपू हा दुसरा पर्याय. तो केसाची पिशवी आतून धुऊन काढतो, पण कातडी कोरडी पाडतो आणि टॉवेलचा रंग उडवतो.

गोळ्या कधी, किती, किती दिवस

खोल संसर्गात गोळ्या लागतातच. वरवरचा संसर्ग अंगभर पसरला असेल, किंवा आंघोळ शक्यच नसेल, तेव्हाही लागतात. कोणती गोळी हे डॉक्टर ठरवतील, पण मालकाला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत.

पहिली, डोस वजनावर. सेफॅलेक्सिन कुत्र्याला किलोमागे 15 ते 30 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. 25 किलोच्या लॅब्राडोरला प्रत्येक वेळी 375 ते 750 मिलिग्रॅम झालं. त्याला 250ची एक कॅप्सूल दिली तर डोस किलोमागे 10 मिलिग्रॅमवर येतो. जंतू मरत नाहीत, त्यातले चिवट तेवढे निवडले जातात. म्हणून दवाखान्यात वजन करूनच औषध लिहून घ्या. घरी करायचं तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

दुसरी, वेळ. दिवसातून दोनदा म्हणजे 12 तासांच्या अंतरानं. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा असं दिलं की रात्रभर औषध कमी पडतं. पोट बिघडत असेल तर जेवणाबरोबर द्या.

तिसरी, मुदत. दिसायला बरं झालं म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी थांबवणं हे घातक. आणि ‘आणखी एक पत्ता देऊन टाकू’ हेही तितकंच चूक. आताची शिफारस अशी आहे: वरवरच्या संसर्गाला सुरुवातीला 2 आठवडे, खोल संसर्गाला 3 आठवडे, आणि मुदत संपण्याच्या आत डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी. पुढे किती, ते त्या तपासणीत ठरतं. दोन आठवड्यांत निम्म्यानंही फरक नाही, किंवा औषध चालू असताना नव्या पुटकुळ्या येताहेत, तर गोळी बदलत बसू नका, कल्चर-सेन्सिटिव्हिटी करा. नमुना न फुटलेल्या पुटकुळीतून किंवा ताज्या खपलीखालून घ्यावा लागतो. त्यासाठी फार मोठी लॅब लागत नाही, पण नमुना कुत्र्याचा आहे हे लॅबला आवर्जून सांगावं लागतं.

घरात माणसांसाठी आणलेलं साधं अमॉक्सिसिलिन उरलं असेल तर ते देऊ नका. हा जंतू पेनिसिलिनेज नावाचं एन्झाइम सोडून त्याचे तुकडे करतो, म्हणून कुत्र्यांत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोड असलेलं अमॉक्सिसिलिन वापरतात. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं कल्चरनं सांगितल्याशिवाय पहिल्या फेरीत वापरू नयेत. वाढत्या पिल्लांच्या सांध्यांच्या कूर्चेलाही ती अपाय करतात.

मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, ज्याला एमआरएसपी म्हणतात, तो अशा अर्धवट कोर्सांनी आणि वारंवार बदललेल्या गोळ्यांनी पोसला जातो. मेकए (mecA) नावाचं जनुक त्याच्याकडे असतं आणि सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन या सगळ्या घराण्याचं त्याच्यापुढे काही चालत नाही. तो जास्त जहाल असतो असं नाही. फक्त आपल्या हातातली औषधं संपलेली असतात. अशा कुत्र्यालाही आंघोळीनं बरं करता येतं, म्हणून रिपोर्ट बघून घाबरून जाऊ नका.

नाशिककरांना एक वेगळं सांगायला हवं: गोळी द्राक्षात किंवा मनुक्यात लपवून देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, थोड्या प्रमाणातही. पनीरचा तुकडा किंवा पोळीचा गोळा पुरे.

पू गेला. खाज गेली का?

आता मुख्य काम. अंग पूर्ण साफ झालं, स्लाईडवर जंतू उरले नाहीत, त्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा: कुत्रा अजून खाजवतोय का? आठवून बघा, पहिल्यांदा काय आलं होतं, खाज की पुटकुळ्या?

पू गेल्यावरही पंजे चाटणं, कान खाजवणं, भिंतीला अंग घासणं चालूच असेल तर मूळ कारण ॲलर्जी किंवा परजीवी. आधी पिसवा. ‘आमच्याकडे एकही पिसू नाही’ म्हणून चालत नाही, कारण ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चावण्याही पुरतात आणि तो चाटून पिसू गिळूनही टाकतो. ओल्या पांढऱ्या कागदावर कंगव्यातली काळी पूड झटका. तांबडी ओघळली तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. खाज कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाशी असते. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला सलग निदान तीन महिने औषध लागतं, कारण पिसवांचे कोष सोफ्यात, गोणपाटात, फरशीच्या फटीत पडून राहतात आणि आठवड्यांनी फुटतात. आयसॉक्झाझोलिन गटाच्या तोंडावाटे देण्याच्या गोळ्या पिसू, गोचीड आणि डेमोडेक्स तिन्हींवर चालतात. फिट येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नका, ते मरतं.

पिसवा नक्की गेल्या आणि खाज तशीच राहिली, तर आहाराची चाचणी. 8 आठवडे, कुत्र्यानं पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला) आहार, बाकी काही नाही. चिकनच्या वासाचं बिस्किट नाही, दूध नाही, आजोबांनी टेबलाखालून दिलेला तुकडा नाही. ही चाचणी घरातल्या माणसांमुळेच फसते, म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा. या दिवसांत गोळी पनीरमध्येही द्यायची नाही. खाज गेली तर जुनं जेवण पुन्हा देऊन बघायचं. दोन आठवड्यांच्या आत परत खाजवायला लागला तर उत्तर मिळालं.

तेही नसेल तर उरते हवेतल्या परागकणांची आणि घरातल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते, पंजे, काखा, कान आणि तोंड धरते. ती मुळासकट जात नाही, आवाक्यात ठेवता येते, आणि त्यासाठी आज स्टेरॉइडखेरीजही औषधं आहेत.

पू गेल्यावर खाजही पूर्ण गेली, पण दोन महिन्यांनी न खाजणाऱ्या पुटकुळ्या पुन्हा आल्या, कुत्रा मध्यमवयीन किंवा म्हातारा आहे, सुस्तावलाय, वजन वाढलंय, दोन्ही बाजूंचे केस सारखे गळताहेत: थायरॉइड तपासा. पाणी खूप पितो, लघवी खूप करतो, पोट लोंबतंय: कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. लांब टिकणारं ‘खाजेचं इंजेक्शन’ वारंवार घेतलेल्या कुत्र्यांतही हेच चित्र दिसतं, कारण ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असतं. खाज दोन-तीन आठवडे दबते, तोवर कातडी पातळ होते, प्रतिकार घसरतो आणि पुढचा पू अधिक खोल जातो. पू असताना असं इंजेक्शन घेऊ नका.

गोदाकाठ, बागा आणि गच्च्या

गंगापूरच्या बॅकवॉटरला पोहायला नेलेला कुत्रा घरी येऊन ओलाच झोपला तर त्या रात्री हॉट स्पॉटची तयारी होते, विशेषतः गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्डमध्ये. पोहून आला की साध्या पाण्यानं धुवा, गळ्यातला पट्टा काढा, वाळवा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा गळ्यात कायम ठेवू नका. त्याच्याखाली कातडी नरम पडते आणि नेमक्या त्याच रेषेत पुटकुळ्या येतात. इगतपुरी-त्र्यंबककडे, जिथे पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही, तिथे बांधून ठेवलेल्या कुत्र्याला जमिनीपासून चार बोटं उंच लाकडी फळी द्या. गोणपाट ओलं झालं की त्याच दिवशी बदला.

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा मोसम चालतो. फवारणीच्या दिवशी कुत्रा बागेबाहेर बांधा, आणि तो आत शिरलाच तर पोट आणि पंजे लगेच धुवा. पोटाची उघडी कातडी औषध झेलते, तो चाटतो, आणि त्रास कातडीपुरता राहत नाही.

गावाकडे अजूनही खरूज समजून जळकं ऑइल, रॉकेल किंवा फिनाईल लावतात. हे थांबायलाच हवं. ही द्रव्यं कातडी जाळतात, चाटण्यातून पोटात जातात आणि कुत्रा यकृत-किडनीच्या विकारानं मरू शकतो. हळद-खोबरेल त्यामानानं निरुपद्रवी, पण तेलानं केसांची तोंडं बुजतात, धूळ बसते आणि ओल धरून राहते. कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं तर बिघडत नाही, त्यावर विसंबून दहा दिवस घालवले तर बिघडतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुखण्यावर म्हणूनसुद्धा स्वतःच्या मनानं देऊ नका.

गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांची अडचण वेगळी. आज गोळी दिली, उद्या कुत्रा सापडला नाही, असा तुटक अँटिबायोटिक कोर्स न दिलेलाच बरा. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून वजनाच्या अंदाजानं आयसॉक्झाझोलिनची गोळी खाण्यातून द्या. एक गोळी महिनाभर, काही तीन महिने चालतात. किडे आणि पिसवा गेल्या की अनेक कुत्र्यांची कातडी पुष्कळशी सावरते. पू वाहत असेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, तर मात्र त्याला पकडून दवाखान्यातच ठेवावं लागतं.

घरातल्या माणसांना हा जंतू क्वचितच त्रास देतो. हात धुणं, उघड्या जखमेवर कुत्र्याला चाटू न देणं एवढं पुरतं. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर कुत्र्याला पू असेपर्यंत त्यांच्या अंथरुणावर चढू देऊ नका. पण कुत्र्याबरोबर घरातल्यांच्याही पोटावर-मनगटावर खाज सुटली, किंवा मुलांच्या अंगावर गोल चट्टे उठले, तर प्रकरण पायोडर्माचं नाही. ते खरूज किंवा गजकर्ण असेल, आणि दोन्हीकडे एकाच वेळी उपचार लागतील.

ताप, जेवण बंद, पाय सुजून लंगडणं, वेगानं काळीनिळी पडत जाणारी कातडी किंवा औषध सुरू केल्यावर तोंडाला सूज आणि अंगभर गांधी: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कुत्र्याला घेऊन निघा. चालू औषधांची पाकिटं आणि पहिल्या दिवसापासून मोबाईलवर काढलेले त्याच जागेचे फोटो सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना सुरुवातीपासून विचारत बसावं लागत नाही.